रूप, वय आणि अपेक्षाभंग : बालगंधर्वांच्या उत्तरकाळाचे एक वाचन

१

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास लिहिताना बालगंधर्वांच्या कारकिर्दीचे दोन असमान भाग पाडण्याचा प्रघात पडून गेला आहे. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेने सुरू झालेला आणि १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’पाशी कळसाला पोचलेला पहिला भाग तपशिलाने, किंबहुना भक्तिभावाने लिहिला जातो. त्यानंतरचा, विशेषतः १९३५ ते १९५५ या दोन दशकांचा भाग मात्र ‘उतरती कळा’ या एका शब्दप्रयोगात गुंडाळला जातो. कर्ज, बोलपट, बदललेली अभिरुची, वाढलेले वय आणि गोहरबाई अशी कारणांची एक ठरलेली यादी पुढे केली जाते आणि प्रकरण मिटते.

या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे प्रेक्षकांची निराशा ही स्वाभाविक, म्हणून अविवेच्य आहे. नट म्हातारा झाला, नायिका शोभेना, प्रेक्षक हळहळले. यात समीक्षेने शोधावे असे काय आहे, असा या मांडणीचा सूर असतो. प्रस्तुत निबंधाचा रोख या गृहीतकावरच आहे. निराशा ही केवळ भावना नसते. ती आधी झालेल्या एखाद्या कराराची साक्ष असते. करार मोडल्यावाचून त्याची कलमे दिसत नाहीत. बालगंधर्वांच्या उत्तरकाळात प्रेक्षक नेमके कशाने दुखावले, याचा शोध घेतला तर पूर्वकाळात ते नेमके काय पाहत आणि ऐकत होते हे अधिक स्पष्ट होते. त्या अर्थाने उत्तरकाळ हा पूर्वकाळाचा भाष्यग्रंथ आहे.

हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेली ‘अपेक्षाक्षितिजा’ची संकल्पना येथे उपयोगी पडते, पण जशीच्या तशी नव्हे. याउस यांच्या विवेचनात संहिता स्थिर असते आणि वाचकांच्या पिढ्या बदलत जातात. नव्या कृतीने अपेक्षाभंग केला तर त्या अंतराला कलात्मक मूल्य लाभू शकते. रंगभूमीवर मात्र संहितेचा एक भाग नटाचे शरीर हा असतो आणि हे शरीर प्रेक्षकाच्या बरोबरीनेच वृद्ध होते. येथे प्रेक्षक जुना आणि ‘संहिता’ बदललेली, अशी उलटी परिस्थिती उद्भवते. अशा वेळी होणारा अपेक्षाभंग नवतेमुळे होतो की ऱ्हासामुळे, हे ठरविणे प्रेक्षकालाही अवघड जाते.

२

आरंभ नावापासूनच करावयास हवा. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी ‘बालगंधर्व’ हे नाव दिले, अशी परंपरा आहे. या सामासिक नावाची दोन्ही पदे वयाला नकार देणारी आहेत. ‘बाल’ हे पद मुलासाठी योजले होते, पण ते मूल मोठे झाल्यावरही गळले नाही. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात निधन झाले तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा हा कलावंत ‘बाल’च होता. दुसरे पद तर मानवी कालाच्या बाहेरचेच आहे. गंधर्व हे देवलोकीचे गायक. त्यांच्या गाण्याच्या कथा पुष्कळ, वार्धक्याची मात्र सहसा ऐकू येत नाही.

भारतीय शिल्पाने गंधर्वांना कसे पाहिले हे वेरूळला (जि. छत्रपती संभाजीनगर) स्पष्ट दिसते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी निगडित असलेल्या आठव्या शतकातील कैलास लेण्याच्या भिंतींवर आकाशगामी गंधर्व-विद्याधरांच्या आकृती कोरलेल्या आहेत. दगड झिजला आहे, काही ठिकाणी अवयव तुटले आहेत, रंगाचा गिलावा बहुतांशी गेला आहे. तरीही त्या आकृती ‘म्हाताऱ्या’ झाल्या असे कोणी म्हणत नाही. झीज ही दगडाची, रूप हे गंधर्वाचे, असा भेद पाहणारा नकळत करतो. मूर्तीच्या बाबतीत माध्यम आणि आशय यांची अशी फारकत सहज साधते. नटाच्या बाबतीत ती साधत नाही, कारण माध्यमही तोच असतो आणि रूपाचा वाहकही तोच. बालगंधर्वांच्या प्रेक्षकांनी त्यांच्याकडून मूर्तीचा नियम पाळला जाईल अशी अपेक्षा बाळगली, असे म्हटल्यास ते फारसे वावगे होणार नाही. त्यांचे नाव त्या अपेक्षेचा पहिला दस्तऐवज होय.

३

या अपेक्षेची घडण १९०५ ते १९२१ या काळात झाली. भास्करबुवा बखले यांची तालीम लाभलेला गळा, किर्लोस्कर मंडळीची शिस्त आणि खाडिलकरांच्या नाटकांतील मानिनी नायिका यांच्या संयोगातून ‘मानापमान’मधील (१९११) भामिनी उभी राहिली. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीची स्थापना झाल्यावर ‘स्वयंवर’मधील (१९१६) रुक्मिणी आणि गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील (१९१९) सिंधू या भूमिका आल्या. या भूमिकांचा प्रभाव नाट्यगृहाबाहेर पसरला. त्यांची नऊवारीची नेसण, गजरा माळण्याची रीत, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, याची साक्ष आठवणींच्या वाङ्मयात वारंवार मिळते. पुरुषाने घडविलेले स्त्रीत्व स्त्रियांना आदर्श वाटावे, ही घटना सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण आहे. या निबंधापुरता तिचा अर्थ एवढाच की येथे भूमिका रंगमंचावर संपत नव्हती.

‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगासंबंधी सर्वश्रुत असलेली हकिकत याच संदर्भात वाचावी. १२ मार्च १९११ रोजी प्रयोगाच्या दिवशीच त्यांचे अपत्य निवर्तले आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली, ही हकिकत कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण तिच्या शंभर वर्षांच्या पुनरावृत्तीतून आणखी एक गोष्ट दृढ होत गेली. नारायणराव राजहंस नावाच्या माणसाला जे होते, ते भामिनीला होत नाही. शोक, थकवा आणि पुढे ओघानेच वय, ही सारी पडद्यामागची बाब ठरली. कराराचे हे पहिले कलम होय.

दुसरे कलम डोळा आणि कान यांच्या परस्परसंबंधाविषयीचे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात नट आणि भूमिका यांच्या नात्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीने स्त्रीची, पुरुषाने पुरुषाची, वयाला अनुसरून केलेली भूमिका ती अनुरूपा. पुरुषाने स्त्रीचा भाव धारण करून केलेली ती रूपानुसारिणी. आणि बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची भूमिका करताना स्वतःची प्रकृती उघडी पडू दिली तर ती विरूपा. या वर्गीकरणाची एक सूक्ष्मता सहसा लक्षात घेतली जात नाही. भरताने लिंगभेद ओलांडण्यास दोष मानलेला नाही. दोषाचे स्थान आहे ते वयभेद न लपण्यात. पुरुषाने स्त्री होणे ही कला आहे, पण भूमिकेच्या वयाशी न जुळणारे नटाचे वय दिसणे ही विसंगती आहे. बालगंधर्वांचा प्रवास या परिभाषेत सांगावयाचा तर तो रूपानुसारिणीकडून विरूपेकडे झालेला प्रवास आहे, आणि हा बदल नटाच्या इच्छेने झालेला नाही.

तरीही तो अनेक वर्षे प्रेक्षकांना जाणवला नाही, याचे कारण गाणे. स्त्रीवेषातील पुरुष पाहणारा डोळा संशयी असू शकतो. त्याला कानाची ग्वाही लागते. बालगंधर्वांचे गाणे ही ग्वाही देत असे. शब्दाचा अर्थ सांभाळून स्वर लावण्याची त्यांची रीत, आणि एकाच ओळीला दरवेळी निराळा भावरंग देत ‘वन्स मोअर’ घेण्याची हातोटी, यांमुळे प्रेक्षक डोळ्यांनी पाहिलेले कानांनी पुरे करीत. दृश्य थोडे उणे पडले तर श्राव्य ते भरून काढी. १९२१ मध्ये केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी असा संयुक्त ‘मानापमान’ टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झाला, तेव्हा बालगंधर्व तेहेतीस वर्षांचे होते. ग्वाही अद्याप पक्की होती.

४

‘उतरती कळा’ ही प्रतिमा आणखी एका दृष्टीने दिशाभूल करणारी आहे. तिच्यामुळे कलावंत स्थिर राहिला आणि काळ पुढे गेला असा समज होतो. प्रत्यक्षात १९३० नंतर बालगंधर्वांच्या नव्या भूमिकांचे स्वरूपच पालटलेले दिसते. ‘कान्होपात्रा’ (१९३१) ही मंगळवेढ्याच्या संतकवयित्रीची कथा आहे. वसंत शांताराम देसाई यांच्या ‘अमृतसिद्धी’त (१९३३) ते मीराबाई झाले. भामिनी आणि रुक्मिणी या प्रियकराची वाट पाहणाऱ्या तरुण नायिका होत्या. कान्होपात्रा आणि मीरा याही वाट पाहतात, पण देवाची. शृंगाराच्या जागी भक्ती आली आणि नाट्यपदाच्या जागी भजनाचे वळण आले. संतस्त्रीला वय विचारले जात नाही. चाळिशी ओलांडलेल्या नटाने स्वतःच्या शरीराशी केलेली ही एक बुद्धिपुरस्सर वा अंतःप्रेरणेने झालेली तडजोड होती. प्रेक्षकांनी ती स्वीकारलीही. म्हणजे बदल म्हणून बदलाला प्रेक्षकांचा विरोध नव्हता. नऊवारी कायम होती, गळा कायम होता, आणि भाव मात्र अशा प्रदेशात नेला होता जेथे रूपाची चिकित्सा गौण ठरते.

त्याच वेळी भोवतालचे क्षितिज मात्र झपाट्याने हलत होते. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढून कुलीन स्त्रीचे गाणे आणि अभिनय तिकीट लावून रंगमंचावर आणला. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात दुर्गा खोटे दिसल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात हा प्रघात नव्या नाटकाच्या बाजूने रुजविला. रूपानुसारिणी ही आता कलेची एक शक्यता राहिली नाही, ती जुनेपणाची खूण झाली. बालगंधर्वांच्या मीरेला दुहेरी परीक्षा द्यावी लागत होती. आपल्या पूर्वीच्या भामिनीशी तुलना ही एक, आणि खऱ्या स्त्रीशी तुलना ही दुसरी.

५

१९३४ च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीचा पहिला अध्याय संपला आणि बालगंधर्व ‘प्रभात’मध्ये गेले. १९३५ ते १९३७ या तीन वर्षांतील तीन चित्रपट एकत्र ठेवून पाहिले तर प्रस्तुत प्रश्नावर जणू नियतीनेच एक प्रयोग मांडून ठेवला आहे असे वाटते.

पहिला चित्रपट ‘धर्मात्मा’ (१९३५). दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णराव. ‘महात्मा’ हे मूळ नाव गांधीजींच्या संदर्भामुळे सेन्सॉरच्या हरकतीनंतर बदलावे लागले. बालगंधर्व यात संत एकनाथ झाले, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी पुरुषवेषात प्रेक्षकांसमोर आले. भूमिकेची निवड वरवर पाहता निर्दोष होती. भक्तिरस पूर्वीच्या दोन नाटकांतून चालत आलेला होता. भजनाला वाव होता. अस्पृश्याच्या घरी भोजन करणाऱ्या एकनाथांची कथा त्या काळातील सामाजिक प्रश्नाला भिडणारी होती.

एकनाथांची निवड आणखी एका अर्थाने सूचक आहे. वेरूळपासून काही कोसांवर असलेल्या देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत ते वाढले. शूलिभंजनच्या डोंगरावर त्यांनी तप केले अशी परंपरा सांगते. पैठण ही त्यांची कर्मभूमी. या टापूत रुजलेल्या त्यांच्या भारूड-गौळणींत पुरुष कवी सर्रास स्त्रीचा आवाज धारण करतो. सासुरवाशीण, विरहिणी, गौळण, जोगवा मागणारी भक्तीण अशी किती तरी सोंगे या रचनांत आहेत. भारूड रंगविणारा वारकरी कधी लुगडे गुंडाळतो, कधी नुसता पदर घेतो, दाढीमिशा मात्र तशाच ठेवतो. कोणाचाही अपेक्षाभंग होत नाही, कारण तेथे स्त्रीरूपाचा दावाच केलेला नसतो. सोंग हे रूपक आहे हे म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असते. जीव हा स्त्री आणि देव हा पती, या रूपकात शरीराचे वय आणि लिंग दोन्ही बाजूला पडतात.

संगीत नाटकाचा करार निराळा होता. तेथे स्त्रीत्व रूपक नव्हते, साध्य होते. म्हणूनच ज्या संताने पुरुषदेहातून स्त्रीचा आवाज काढण्याची परंपरा समृद्ध केली, त्याच्याच भूमिकेत बालगंधर्व आले तेव्हा प्रेक्षकांना तो समन्वय दिसला नाही. त्यांना दिसली ती साडीची अनुपस्थिती. चित्रपटाला अपेक्षित यश लाभले नाही आणि ‘प्रभात’शी बालगंधर्वांचा संबंध या एका चित्रपटावरच संपला.

दुसरा चित्रपट त्याच ‘प्रभात’चा, पुढच्याच वर्षीचा. ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस हेही पूर्वाश्रमीचे स्त्रीभूमिका करणारे नट आणि भजनगायक होते. त्यांना प्रेक्षकांनी असे स्वीकारले की तुकोबांची म्हणून जी प्रतिमा मराठी घरांत रूढ झाली तिच्यात पागनीसांचा चेहरा मिसळून गेला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. एकच संस्था, एकच भक्तिपर विषय, दोन्ही नट स्त्रीभूमिकांच्या परंपरेतून आलेले. आणि परिणाम परस्परविरुद्ध. दिग्दर्शन आणि पटकथा यांतील फरक जमेस धरूनही एक गोष्ट उरते. पागनीसांच्या हालचालीतील मार्दव प्रेक्षकांना तुकोबांचे वाटले, कारण त्यांची स्त्रीप्रतिमा महाराष्ट्राच्या मनात गोठलेली नव्हती. बालगंधर्वांचे तेच मार्दव एकनाथांचे वाटू शकले नाही. ते भामिनीचे उरलेले अवशेष वाटले.

तिसरा चित्रपट ‘साध्वी मीराबाई’ (१९३७), बाबूराव पेंटर यांचा. ‘अमृतसिद्धी’ हे नाटकच येथे पडद्यावर आणले गेले आणि बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात आले. प्रेक्षकांना साडीच हवी होती, तर ती येथे होती. तरीही चित्रपट चालला नाही. रंगमंचाच्या पायदिव्यांपासून दूर बसलेल्या प्रेक्षकाला जे दिसत नसे ते कॅमेऱ्याने जवळ आणले. शिवाय नाट्यगृहात कान डोळ्याच्या मदतीला धावून येत असे. पडद्यावर डोळ्याचेच राज्य होते.

या तिहींचा एकत्र विचार केला म्हणजे रूढ स्पष्टीकरणे अपुरी ठरतात. ‘प्रेक्षकांना ते पुरुषवेषात नको होते’ असे म्हणावे तर १९३७ चे अपयश आड येते. ‘वाढत्या वयाला स्त्रीवेष शोभेना’ असे म्हणावे तर १९३५ चे. ‘स्त्रीनटाने पुरुष होणेच रुचत नाही’ असे म्हणावे तर १९३६ चे यश समोर उभे राहते. प्रेक्षकांना एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध गोष्टी हव्या होत्या. बालगंधर्वांनी बदलू नये आणि बदललेले दिसूही नये. हा अपेक्षाभंग कोणत्याही निवडीने टळणारा नव्हता.

६

अशा कोंडीतून बाहेर पडण्याच्या वाटा इतरांनी शोधल्या होत्या. किर्लोस्कर मंडळीतील त्यांचे पूर्वसूरी भाऊराव कोल्हटकर यांनी उत्तरकाळात पुरुषभूमिकाही केल्या. ‘शारदे’च्या भूमिकेने नावारूपास आलेले केशवराव भोसले तिशीच्या आत धैर्यधर झाले होते. गुजराती रंगभूमीवरील जयशंकर ‘सुंदरी’ यांची तुलना अधिक उद्बोधक आहे. बालगंधर्वांहून एका वर्षाने लहान असलेल्या या नटाने १९३२ मध्ये व्यावसायिक रंगभूमी सोडली आणि बऱ्याच वर्षांनी दिग्दर्शक म्हणून पुनरागमन केले. त्यांच्या प्रेक्षकांनी वृद्ध सुंदरी पाहिलीच नाही. प्रतिमा अभंग राहिली, कारण नटाने ती वेळीच मिटवून ठेवली.

हीच समस्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य रॉक संगीतात निराळ्या वेषात पुन्हा अवतरली. डेव्हिड बोवी या गायकाने ‘झिगी स्टारडस्ट’ हे स्त्रीपुरुषभेद पुसणारे सोंग ३ जुलै १९७३ रोजी लंडनच्या रंगमंचावरून जाहीरपणे संपविले, तेव्हा चाहते हळहळले. पण निरोपाचा अधिकार कलावंताने आपल्या हाती ठेवला होता. बॉब डिलन यांनी लोकगायकाची गिटार बाजूला ठेवून विजेवरची गिटार घेतली, तेव्हा १९६६ मध्ये मँचेस्टरच्या प्रेक्षागृहातून त्यांच्या दिशेने ‘जूडास’ अशी हाक आली. म्हणजे येशूशी द्रोह करणाऱ्या शिष्याचे नाव. ही हाक महत्त्वाची आहे. गाणे आवडले नाही असे ती म्हणत नाही; तू करार मोडलास असे ती म्हणते. चाहता हा श्रोत्याहून निराळा असतो तो याच बाबतीत. त्याने कलावंताच्या रूपात स्वतःच्या आयुष्याचा एक काळ ठेव म्हणून ठेवलेला असतो.

बालगंधर्वांना बोवीप्रमाणे निरोप घेणे शक्य होते काय? रंगभूमी हे त्यांचे उपजीविकेचे साधन होते, डोक्यावर कर्ज होते आणि मंडळीवर अनेकांचे संसार अवलंबून होते. शिवाय बोवीपाशी पुढचे सोंग तयार होते. बालगंधर्वांपाशी एकच सोंग होते आणि ते सोंग आहे हे मान्य करावयास प्रेक्षक तयार नव्हते.

७

निराश चाहत्याला कारणापेक्षा कारणीभूत व्यक्ती अधिक लवकर सापडते. येथे ती व्यक्ती गोहरबाई कर्नाटकी ठरल्या. विजापूरकडच्या, अमीरबाई कर्नाटकींच्या भगिनी असलेल्या या गायिका १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळीत आल्या, स्त्रीभूमिका करू लागल्या आणि १९५१ मध्ये त्यांचा बालगंधर्वांशी विवाह झाला. त्यांच्या येण्याबरोबर बालगंधर्वांनी रंगमंचावर पुरुषभूमिका करून पाहिल्या. तो प्रयत्न रुजला नाही. घरात दुरावा आला, जुनी माणसे दूर गेली, आणि या साऱ्याचे खापर आठवणींच्या वाङ्मयात बहुधा एकाच ठिकाणी फुटते.

या दोषारोपात धर्म, भाषा आणि गाणाऱ्या स्त्रीविषयीचा सामाजिक दुजाभाव यांचा किती वाटा होता, हे त्या लेखनातील विशेषणेच सांगतात. समीक्षेच्या दृष्टीने त्याहून मार्मिक अशी एक बाब आहे. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी इतकी आत्मसात केली होती की त्यांच्या ध्वनिमुद्रिकांतून गुरूची छाया स्पष्ट ऐकू येते. अशी ही स्त्री रुक्मिणी म्हणून उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांना ती ‘नक्कल’ वाटली. पुरुषाने निर्मिलेली रुक्मिणी ही मूळ प्रत, आणि स्त्रीने केलेली रुक्मिणी ही तिची प्रतिकृती! अनुरूपा येथे रूपानुसारिणीची ऋणको झाली. जो प्रेक्षक नव्या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रीनेच करावी असे मानू लागला होता, तोच गंधर्व मंडळीच्या नाटकात स्त्रीला उपरी मानत होता. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की बालगंधर्वांच्या बाबतीत प्रेक्षकांची निष्ठा स्त्रीरूपाशीही नव्हती आणि नटाशीही नव्हती. ती एका विशिष्ट काळात घडलेल्या विशिष्ट प्रतिमेशी होती. ती प्रतिमा गोहरबाई देऊ शकत नव्हत्या आणि स्वतः बालगंधर्वही देऊ शकत नव्हते. त्यांपैकी एकाला क्षमा मिळाली, दुसऱ्या व्यक्तीला मिळाली नाही. १९६४ मध्ये गोहरबाईंचे निधन झाले. त्यांच्या गाण्याचा स्वतंत्र विचार मराठी संगीतसमीक्षेने अद्याप पुरेशा गांभीर्याने केलेला नाही.

८

उत्तरकाळातील प्रेक्षकांत आणखी एक वर्ग होता. त्याने ना बदलाचा निषेध केला, ना न-बदलाची हळहळ. त्याने डोळे मिटले. वय झालेल्या, पुढे पायांचे बळ गेलेल्या बालगंधर्वांचे गाणे ऐकताना डोळे मिटून घेतल्याचे सांगणारे श्रोते पुष्कळ भेटतात. हे वर्णन कौतुकाने केले जाते, पण त्यात एक मोठा निवाडा दडलेला आहे. डोळे मिटणे म्हणजे कराराचे पहिले कलम रद्द करून दुसरे तेवढे राखणे. नट नाकारला गेला आणि गायक वाचला.

या निवाड्याचे परिणाम व्यक्तीपुरते राहिले नाहीत. नाट्यपद नाटकातून सुटून मैफलीत, ध्वनिमुद्रिकेत आणि आकाशवाणीवर स्वतंत्रपणे नांदू लागले, ही प्रक्रिया आधीच सुरू झालेली होती. बालगंधर्वांच्या उत्तरकाळाने तिला भावनिक समर्थन पुरविले. ध्वनिमुद्रिकेतील भामिनीला वय नव्हते. या अर्थाने ती वेरूळच्या दगडातील गंधर्वासारखी होती. झीज तबकडीची, रूप स्वराचे. जो भेद रंगमंचावर अशक्य होता तो तबकडीने शक्य केला. ‘नाट्यसंगीत’ हा आज आपल्याला स्वाभाविक वाटणारा, नाटकावाचून गाता येणारा गायनप्रकार काही अंशी या अपेक्षाभंगाचे अपत्य आहे. अभिनय, हालचाल, नेसण, नजर या साऱ्या प्रयोगसंहितेची मात्र अशी जपणूक झाली नाही. परिणामी बालगंधर्वांच्या अभिनयाविषयी आपण आज केवळ विशेषणांत बोलू शकतो.

आठवणींच्या वाङ्मयाचेही पुनर्वाचन या दृष्टीने व्हावयास हवे. बोडसांचे ‘माझी भूमिका’ (१९४०) आणि टेंब्यांचे ‘माझा जीवनविहार’ (१९४८) ही संस्थापक भागीदारांची आत्मकथने आहेत. दोघेही पुढे मंडळीतून बाहेर पडले होते आणि उत्तरकाळाकडे बाहेरून पाहत होते. वसंत शांताराम देसाई यांचे ‘बालगंधर्व : व्यक्ती आणि कला’ (१९५९) हे निकटवर्तीयाचे लेखन आहे, पण तेही प्रतिमा ढळल्यानंतरचे. या ग्रंथांतील पूर्वकाळाची वर्णने निराशेच्या काठावरून मागे वळून केलेली आहेत. ‘सुवर्णकाळ’ ही संज्ञाच मुळी अपेक्षाभंगानंतर सुचणारी आहे. सुवर्णकाळात जगणाऱ्याला तिची गरज पडत नाही. इतिहासकाराने या वर्णनांवर विसंबताना ती कोणत्या वर्षी आणि कोणत्या मनःस्थितीत लिहिली गेली, हे ताडून पाहणे अगत्याचे आहे.

१९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण, असे सन्मान बालगंधर्वांना लाभले ते रंगमंचावरील अखेरच्या दिवसांत आणि त्यानंतर. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसविली गेली. २६ जून १९६८ रोजी रंगमंदिराचे उद्घाटन झाले तेव्हा ते हयात नव्हते. तेथे गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन तैलचित्रे लावण्यात आली, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीवेषातील. जिवंतपणी ज्या दोन रूपांपैकी एकही प्रेक्षकांना पुरेसे वाटले नाही, ती दोन्ही चित्रांत शेजारी नांदतात. २०११ च्या ‘बालगंधर्व’ या चित्रपटाने नव्या पिढीला या कलावंताची ओळख करून दिली आणि पुन्हा एकदा भामिनी-रुक्मिणीच्या वैभवावरच प्रकाश पडला.

मराठी नाट्यसमीक्षेपुढे यातून उभा राहणारा प्रश्न बालगंधर्वांपुरता नाही. प्रयोगकलेची समीक्षा करताना आपण कलावंताच्या ऐन बहराला ‘संहिता’ मानतो आणि उरलेल्या आयुष्याला ‘पाठभेद’. पण बालगंधर्वांनी १९३५ मध्ये एकनाथ म्हणून जे करून पाहिले, ती केवळ फसलेली भूमिका नव्हती. स्त्रीचा आवाज पुरुषदेहात उघडपणे, वेषावाचून राखण्याची ती एक शक्यता होती. देवगिरी-पैठणच्या परिसरातील भारूडपरंपरेला ती अपरिचित नव्हती. संगीत रंगभूमीच्या प्रेक्षकाला होती. ‘धर्मात्मा’चे मूल्यमापन ‘मानापमान’च्या मापाने न करता या दुसऱ्या परंपरेच्या मापाने करून पाहिल्यास त्यात काय दिसते, याचा तपास अजून व्हावयाचा आहे.